पोटगी थकली आहे, पर्सनल लोन घेऊ का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांची मुलगी आईकडे असते. तिच्यासाठी दरमहा ९,००० रुपये पोटगीचा आदेश झाला, तेव्हा पगार ३४,००० होता. अंबडची ती कंपनी बंद पडली. आता कंत्राटी नोकरीत २१,००० हातात येतात. आठ महिन्यांचे ७२,००० थकलेत आणि वसुलीचा अर्ज दाखल झालाय. एक फायनान्स कंपनी २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे. ते घ्यावं का?

नका घेऊ. हप्ता साधारण ३,८०० बसेल आणि व्याजातच एकोणीस हजारांहून जास्त जातील. त्याहून मोठी अडचण अशी की थकबाकी भरली तरी पुढच्या महिन्याचे ९,००० उभेच राहणार. बुलेटचा ३,८०० चा हप्ता आहेच. हा दुसरा हप्ता त्यात पडला की दोन-तीन महिन्यांत पोटगी पुन्हा थकेल.

तुम्ही लिहिलंत की सिबिल बिघडू नये म्हणून बुलेटचा हप्ता एकदाही चुकवला नाही. तुमची भीती समजते, पण क्रम उलटा झालाय. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून पोटगी कमी करून मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. गाडी ९५,००० ला जाईल आणि कर्ज ७०,००० बाकी आहे, म्हणजे खर्च वजा जाता बावीस हजारांच्या आसपास हाती येतील. शिवाय दरमहा ३,८०० मोकळे होतील. गाडी विका.

उरलेल्या ५०,००० साठी एलआयसीची पॉलिसी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. चालू पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मधेच मोडली तर हाती येणारी रक्कम) ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. तुमची सरेंडर व्हॅल्यू ५८,००० आहे, म्हणजे भागेल. व्याज फायनान्स कंपनीच्या निम्म्याहून कमी, तेही सहामाही. मुद्दल सवडीने फेडता येतं.

सुकन्या खात्यात तुम्ही महिन्याला हजार भरता ते पोटगीत धरले जाणार नाहीत. ते पैसे मुलगी मोठी झाल्यावर मिळणार, दूध-दप्तर-फी तर आजची आहे. खातं जिवंत ठेवायला वर्षाला २५० रुपये पुरतात, तूर्त तेवढेच भरा. वाढदिवसाची सायकल, शाळेचे बूट हेही हिशेबात येत नाहीत. जे द्याल ते आईच्या बँक खात्यात, महिन्याचा उल्लेख करून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पगार घटला म्हणून आदेशातली रक्कम आपोआप घटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७) रक्कम बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो. तो तुम्ही आठ महिन्यांपूर्वीच करायला हवा होता, आता या आठवड्यात करा. कंपनी बंद झाल्याचं पत्र, जुन्या-नव्या पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि मालमत्ता-देण्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, त्यात काही लपवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाची चौकशी करा.

‘महिनाभर आत जाऊन येतो, विषय संपेल’ असा सल्ला मित्राने दिलाय म्हणता. विषय संपत नाही. तुरुंगात गेल्याने थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलंय. वर हातची नोकरी जाईल ती वेगळीच.

रक्कम कमी होईपर्यंत ९,००० च द्यायचे आहेत. हप्ता नसेल तर २१,००० मधून १२,००० उरतात. खोलीभाडं ५,५०० गेलं की हात खूप आखडेल, पण काही महिने निभेल. एखाद्या महिन्यात नाहीच जमलं तर सहा हजार द्या, पण शून्य नको. उरलेले थकबाकीत धरले जातील, हे लक्षात ठेवा. मुलीच्या आईला आधी कळवा. पैसे कमी पडले म्हणून मुलीची ठरलेली भेट मात्र टाळू नका. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या पोरीला तुम्ही दोन्हीकडून हवे आहात.

वसुलीच्या तारखेला गैरहजर राहू नका. गाडी विकल्याची पावती आणि पॉलिसी कर्जाचा अर्ज सोबत न्या, आणि जमलेली रक्कम त्याच दिवशी भरा.