नेता, अभिनेता आणि एक नाईक

बोरिवलीच्या एका ताईंचे दोन प्रश्न आहेत. सोसायटीच्या अंकासाठी त्या गोविंदा यांच्यावर लेख लिहितायत. 'अभिनेता गोविंदा यांनी २०२४ साली शिवसेनेत प्रवेश केला' या वाक्यात 'अभिनेता' हवं की 'अभिनेते'? आणि 'अभिनेता म्हणजे नेत्याची नक्कल करणारा, नकली नेता' असं त्यांचे दीर म्हणतात, ते खरं का?

ताई, आधी दुसरं, कारण हे 'नकली नेता' मी गेल्या चार निवडणुका ऐकतोय. एखाद्या नटाने उमेदवारी अर्ज भरला की दुसऱ्या दिवशी हे ज्ञान मोबाइलवर येतं आणि लोकलमध्ये कुणीतरी ते शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतो. 'अभि'चा अर्थ 'खोटा' असा कुठेही नाही. अभिमुख, अभिवादन, अभिषेक यांत खोटं काय आहे? 'अभि' म्हणजे कडे, समोर, दिशेने. दिरांना एवढं जरूर सांगा.

धातू आहे 'नी', म्हणजे नेणे. नेतो तो नेता. आणि नाटकातला अर्थ प्रेक्षकांच्या समोर नेऊन ठेवतो तो अभिनेता. ही फोड माझी नाही, भरताच्या नाट्यशास्त्रातच ती 'अभि' अधिक 'नी' अशी दिलेली आहे. म्हणजे अभिनेता हा नेत्याची नक्कल नाही, त्याचा सख्खा भाऊ आहे.

आता मला ज्याचं खरं वेड आहे ते सांगतो. हा धातू आपण रोज वापरतो. आमच्या मजल्यावर सकाळी हमखास ऐकू येतं, 'डबा नेलास का? येताना कोथिंबीर आण.' या दोन वाक्यांत 'नी' दोनदा आला. 'नयति'चं प्राकृतातून 'नेणे' झालं आणि 'आ' लागलेल्या 'आनयति'चं 'आणणे'. सुरुवातीचा न तसाच राहिला, मधल्याचा ण झाला, जसं 'पानीय'चं 'पाणी'. ने-आण हा जोडशब्द म्हणजे एकाच धातूची दोन टोकं! विनय, प्रणय, निर्णय, नीती, नयन, नेत्र, मुंजीतलं उपनयन, लग्नातला परिणय, सगळे याच घरातले. एका नामवंत प्राध्यापकांनी व्याख्यानात 'न्याय'ही या यादीत घातला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. 'न्याय' हा 'नि' अधिक 'इ', म्हणजे जाणे. त्याचा या घराशी संबंध नाही. मी नंतर जाऊन त्यांना तसं सांगितलंही. त्यांना ते पटलं नाही. मला अजूनही त्यांचं पटत नाही.

आणि नायक! तोही 'नी'चाच. ताई, तुमचा लेख जिथे रंगायला हवा ती जागा हीच. २००४ ची उत्तर मुंबईची लोकसभा निवडणूक. राम नाईक १९८९ पासून सलग पाच वेळा तिथून निवडून आलेले, वाजपेयी सरकारात पेट्रोलियम मंत्री, 'बॉम्बे'चं सरकारदरबारी 'मुंबई' व्हावं म्हणून पाठपुरावा केलेले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभा केला विरारमध्ये वाढलेला, १९८६ पासून पडदा गाजवणारा गोविंदा, आणि तो सुमारे ४८ हजार मतांनी जिंकला. का जिंकला ते राजकारणातल्यांनी सांगावं. मला त्या मतपत्रिकेवर एकच शब्द दोनदा दिसत होता: पडद्यावरचा नायक आणि आडनावातला नाईक. लष्करातला नाईकही तोच.

काही जण 'नाईक' हे सरळ प्राकृतातून झिजत आलेलं रूप मानतात. मी मानत नाही. झिजत आलं असतं तर क टिकला नसता. कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. तिन्हींतला क गेला. नाईकातला क शाबूत आहे, कारण माझ्या मते ती पदवी होती. दरबारात, सनदांमध्ये, फौजेत ती पुन:पुन्हा लिहिली जायची, आणि लिहिला जाणारा शब्द बोलताना सहज झिजत नाही. लोकांनी 'य'चा 'ई' केला, तेवढंच. यावर वाद घालायचा असेल त्याने टिकलेल्या क चं उत्तर आधी द्यावं.

बरं, तुमचा पहिला प्रश्न. शेवटी 'यांनी' आहे ना? मग 'अभिनेते'. आदर द्यायचा तर तो दोन्हीकडे द्यावा. 'अभिनेता गोविंदा यांनी' हे अर्धं एकवचनी, अर्धं आदरार्थी वाक्य बातम्यांत रोज ऐकून कान किटले.

त्याहून मला टोचतं ते 'नेत्या'. 'पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या.' हे अनेकवचन कशाचं? 'नेती'चं? 'अमक्या बाई मोठ्या नेती आहेत' असं कुणी म्हणतं का? धाकटा, धाकटी, धाकट्या या चालीवर नेता, नेत्या असं ओढून आणलंय, मधली पायरीच नाही. 'प्रवक्त्या'चंही तेच. 'अभिनेत्री' आपल्या तोंडात रुळलेलं आहे, 'अभिनेत्या' कुणी बाईला म्हणत नाही. मग तीच अभिनेत्री प्रचाराच्या जीपमध्ये चढली की तिची नेत्या का होते? उर्मिला मातोंडकर २०१९ मध्ये याच उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे लढल्या. लेखात त्यांचा उल्लेख आला तर 'नेत्री' लिहा. मुद्रितशोधक त्यावर लाल खूण करतील. ती खोडा आणि पुन्हा 'नेत्री' लिहा.