कथा नको, तिढा मांड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा, तू पाठवलेला चाळीस पानांचा आराखडा मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, आणि दुसऱ्यांदा हाती पेन्सिल घेऊन. तीन हजार वर्षांची वंशावळ, पाच राज्यांचे नकाशे, सहा प्रकरणांत विभागलेले कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारा सलग खेळ) आणि शेवटी राक्षसराजाशी होणारे युद्ध, एवढे सगळे पहिल्याच खेपेला उभे करणारी जिद्द थोड्यांकडे असते. तरीही मला तुला हे सांगावेच लागेल, की या चाळीस पानांपैकी पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल अशी ओळ एकच आहे, आणि ती एकोणिसाव्या पानावर, उत्तरेकडच्या घाटाच्या नकाशाखाली तू सहज लिहून ठेवली आहेस: घाटातल्या ठाण्यात रोज संध्याकाळी एक घंटा वाजवली जाते, पण ती का वाजवतात हे आता कोणालाच आठवत नाही.

बाकीच्या पानांवर सर्व काही ठरून गेले आहे. या ओळीत अजून काहीच ठरलेले नाही, म्हणून तिच्यात खेळायला जागा आहे. तुझे दुसरे प्रकरणच घे. तेथे खेळाडूंनी वृद्ध अमात्यावर विश्वास टाकायचा आहे, कारण चौथ्या प्रकरणात तो त्यांचा घात करणार आहे. समजा, तुझ्या टेबलावरच्या एखाद्या चाणाक्ष खेळाडूला पहिल्याच भेटीत त्या अमात्याचा संशय आला आणि तिने त्याच रात्री त्याच्या दालनाची झडती घ्यायचे ठरवले, तर तू काय करशील? एक तर त्या दालनाला कधीही न उघडणारे कुलूप घालशील, किंवा पुढची वीस पाने बाजूला ठेवशील. कुलूप घातलेस तर खेळाडूंना ते कळतेच. ते बोलून दाखवत नाहीत, पण त्या क्षणापासून स्वतः निर्णय घेणे थांबवतात आणि तू पुढे काय सांगतोस याची वाट पाहत बसतात. ज्याला रेलरोडिंग म्हणतात ते हेच, आणि माझ्या अनुभवात ते गेम मास्टरच्या, म्हणजे तुझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्याच्या, हेकटपणातून क्वचितच येते. इतके कष्ट घेऊन लिहिलेले वाया कसे जाऊ द्यायचे, या अगदी समजण्यासारख्या भावनेतून ते येते. म्हणून माझा आग्रह आहे, की तू कथा लिहू नकोस, तिढा मांड. तिढ्याला वेगवेगळ्या हातांत असलेली टोके असतात, आणि ती कोणी कशी ओढली यावरून कथा मागाहून, टेबलावर, सर्वांच्या देखत तयार होते.

या छंदाचा जन्मही असाच झाला आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातल्या युद्धखेळासाठी 'ब्राउनश्टाइन' नावाचे एक काल्पनिक गाव आखले आणि त्या गावातल्या निरनिराळ्या माणसांच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिल्या, प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र हेतू देऊन. खेळाडू परस्पर बोलणी करू लागले, योजलेले युद्ध बाजूलाच राहिले, आणि सगळे हाताबाहेर गेले असे वाटून वेझली यांनी तो प्रयोग फसल्याचे मानले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा खेळायचा होता. वेझली यांच्याच खेळगड्यांपैकी डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेऊन 'ब्लॅकमूर' हे आपले जग चालवले, आणि त्यांच्या व गॅरी गायगॅक्स यांच्या कामातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग गेम प्रकाशित झाला. वेझली यांना जे अपयश वाटले, तेच या खेळाचे मर्म ठरले, हे मला अजूनही फार सुंदर वाटते.

आता तुझी घंटा घेऊ. ती वाजवण्याचे काम एकाच घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे असे मान, आणि त्या घराण्यात उरलेल्या एकुलत्या एक मुलीला हे काम सोडून घाट उतरून निघून जायचे आहे. ठाण्याच्या किल्लेदाराला तोफ ओतण्यासाठी घंटेचा धातू हवा आहे, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. शत्रू दोन मुक्कामांवर आला आहे आणि तोफेवाचून ठाणे टिकणार नाही. वरच्या मठातल्या वृद्ध तपस्विनीला घंटेचे कारण ठाऊक आहे, पण ते सांगायचे तर तिच्या पूर्वसूरींनी केलेला एक विश्वासघातही सांगावा लागेल, म्हणून ती गप्प आहे. आणि घंटेच्या नादाने डोंगराखाली जे काही निजलेले आहे, त्यालाही काहीतरी न्याय्य हवे असू दे. त्याचे नुसते भुकेले श्वापद करू नकोस, नाहीतर प्रश्न लगेच सुटेल. या चौघांपैकी कोणीही दुष्ट नाही, आणि चौघांचेही समाधान एकाच वेळी होऊ शकत नाही. तिढा म्हणजे मला एवढेच अभिप्रेत आहे. राक्षसराजाशी लढावे की नाही, यावर तुझे खेळाडू क्षणभरही वाद घालणार नाहीत. या घंटेवरून मात्र ते एकमेकांशी तासभर भांडतील, आणि त्या तासात तुला ऐकण्याखेरीज काहीही करावे लागणार नाही.

तिढ्याला वेळेचा काच असावा लागतो, एरवी खेळाडू सर्वांशी गोड बोलून निर्णय लांबणीवर टाकत राहतात. सहा दिवसांनी बर्फ पडून घाट बंद होणार आहे असे ठरव, आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तर कोणत्या दिवशी काय घडेल ते एकेका ओळीत लिहून ठेव: दुसऱ्या दिवशी घंटेभोवती परांची उभी राहते, तिसऱ्या रात्री मुलगी गाठोडे बांधते, चौथ्या संध्याकाळी प्रथमच घंटा वाजत नाही. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ च्या खेळात अशा येऊ घातलेल्या घटनांसाठी वर्तुळाचे चार, सहा किंवा आठ भाग पाडून ते एकेक करून भरतात. तसे वर्तुळ काढून सर्वांना दिसेल असे टेबलावर ठेव. उरलेले कोरे भाग डोळ्यांसमोर असले की निर्णयांना वजन येते.

घंटेचे रहस्य उलगडायचे असेल तर माझ्या हातून झालेली एक चूक तू टाळावीस. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये खुनाचा संपूर्ण उलगडा एका पत्रावर अवलंबून होता आणि ते पत्र एका टेबलाच्या खणात होते. खेळाडूंनी भिंती ठोकून पाहिल्या, नोकरांना बोलते केले, बागेतली विहीरही उपसली, पण तो खण काही उघडला नाही. तीन तास मी त्या खणाकडे आडून आडून बोट दाखवत बसले होते आणि सर्वांचा उत्साह माझ्या डोळ्यांदेखत ओसरत गेला. पुढे या खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम वाचनात आला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे आपल्याला वाटते, त्याकडे नेणारे किमान तीन धागेदोरे ठेवावेत, कारण एक नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा अर्थ भलताच लावला जातो आणि तिसरा हाती लागतो. तुझ्या घंटेचे कारण तपस्विनीला ठाऊक असू दे, घंटेच्या आतल्या बाजूला कोरलेले असू दे, आणि त्या मुलीला आईने शिकवलेल्या अंगाईतही दडलेले असू दे.

नियमांची निवड तू एका ओळीत उरकली आहेस, ते मला पटले नाही. खेळ ज्या गोष्टीचे मोल करतो, तीच खेळाडू करू लागतात. सुरुवातीच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण (ज्यांच्या बळावर पात्र वरच्या पायरीवर चढते) मिळे आणि राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने किरकोळ असत, त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळून युक्तीने खजिना पळवायला शिकले. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये पात्राच्या मनःस्वास्थ्याचेच गुण मोजले जातात आणि भीषण काही पाहिले की ते घटतात, म्हणून तेथे खेळाडू दार उघडण्यापूर्वी थबकतो. फाशांचेही असेच आहे. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के असते. सहा बाजूंचे दोन फासे एकत्र टाकले तर सात हा आकडा ३६ पैकी ६ प्रकारे येतो आणि बारा केवळ एका प्रकारे. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात अशा दोन फाशांवर दहा किंवा अधिक आले तर निखळ यश, सहा किंवा कमी आले तर संकट, आणि सात ते नऊ आले तर यश मिळते पण त्याची किंमत मोजावी लागते. फाशांच्या बेरजेत आणखी काही जोडायचे नसेल तर हा मधला पट्टा ३६ पैकी १५ वेळा लागतो. ज्या गोष्टीत प्रत्येकाला काहीतरी गमवावे लागणार आहे तिला असे फासे शोभतात. तुझ्या मनात तलवारबाजी आणि पराक्रम असेल, तर मात्र वीस बाजूंचा फासा खुशाल हाती घे.

पात्रांबद्दल तू विचारलेस, की प्रत्येक खेळाडूकडून किती पानांची पार्श्वभूमी मागवावी. एकही पान मागवू नकोस. लांबलचक पूर्वकथेत पात्राच्या आयुष्यातले सर्वांत मोठे प्रसंग होऊन गेलेले असतात आणि टेबलावर येते ते त्यांचे उरलेसुरले. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये पात्र चार-चार वर्षांच्या सेवेच्या टप्प्यांतून घडत जाते, आणि मूळ नियमांप्रमाणे घडता घडता मरूही शकते. त्यातून तयार झालेल्या पात्राचा भूतकाळ चार ओळींत मावतो, पण त्या प्रत्येक ओळीची किंमत त्याने मोजलेली असते. तू खेळाडूंना तीनच गोष्टी विचार: तुझ्या पात्राला या आठवड्यात काय हवे आहे, कोणाचा शब्द ते मोडू शकत नाही, आणि काहीही झाले तरी ते कोणती गोष्ट करणार नाही. त्यानंतर प्रत्येकाला आपल्या उजवीकडच्या खेळाडूच्या पात्राशी एक अपुरे राहिलेले नाते जोडायला सांग; एकाने दुसऱ्याचा जीव वाचवला आहे आणि त्याचे उपकार अजून फिटलेले नाहीत, किंवा एकाच माणसाने दोघांना वेगवेगळी वचने दिली आहेत. त्यातले किमान एक टोक घाटातल्या चौघांपैकी कोणाला तरी बांध. किल्लेदार जर एका पात्राचा जुना गुरू असेल, तर तोफेचा प्रश्न कोरडा राहणार नाही. एकलकोंडा, कोणाशी न बोलणारा, कशाचीच पर्वा नसलेला वीर खेळायचा आग्रह कोणी धरला, तर त्याला प्रेमाने नकार दे आणि त्याला कशाची पर्वा आहे ते विचार.

जगाविषयी थोडक्यात. पाच राज्यांपैकी चार गुंडाळून ठेव. ती नष्ट करू नकोस, पण खेळाडूंनी विचारेपर्यंत त्यांचे नावही काढू नकोस. घाट, ठाणे, मठ आणि खालची वाट इतकाच नकाशा पहिल्या पाच-सहा सेशनना पुरतो, आणि त्यातही काही जागा कोऱ्या ठेवून तेथे काय आहे ते खेळाडूंनाच विचारावे. जगाचे वेगळेपण इतिहासाच्या लांबीतून येत नाही. एखादीच गोष्ट आपल्या जगाहून वेगळी धरावी आणि तिचे परिणाम नेटाने शेवटपर्यंत तपासावेत. मृत माणसाला न्यायालयात एकदाच, एका प्रश्नापुरती साक्ष देता येते असे एक जग घे, आणि पात्रे त्या न्यायालयाचे कारकून कर. मग कोणाला कोणता प्रश्न विचारावा यावर घराणी बुडतात, मरणासन्न माणसांना लोक शपथा घालतात, आणि साक्ष देऊ न शकलेल्या मृतांचे काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. किंवा दोन थकलेल्या राज्यांनी चाळीस दिवसांचा तह केला आहे आणि पात्रे सीमा आखणारे मोजणीदार आहेत. दोरी कोठे ताणावी यासाठी प्रत्येक गाव त्यांच्यापाशी काहीतरी घेऊन येते, कोणी लाच, कोणी कागद, कोणी नुसतेच रडणे. या दुसऱ्या कल्पनेत तलवार जवळजवळ निघतच नाही, तरीही माझ्या टेबलावर सर्वांत जास्त ताण मी तेथेच पाहिला आहे.

पात्रे करायला बसाल त्याच दिवशी, म्हणजे सेशन झीरोला, खेळात काय नको हेही मोकळेपणाने बोलून घ्या. खेळरचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी त्यासाठी रेषा आणि पडदे अशी जोडी सुचवली आहे: रेषेपलीकडचे खेळात येतच नाही, आणि पडद्यामागचे घडते पण वर्णन केले जात नाही. ही यादी प्रथम तू स्वतः वाचून दाखव, म्हणजे इतरांना संकोच वाटणार नाही. खेळाडू चारच घे. सहाजणांना हो म्हणून बसला आहेस हे मला ठाऊक आहे, पण पहिल्या कॅम्पेनमध्ये सहाजणांचे हेतू एकाच वेळी मनात धरणे फार कठीण जाते. उरलेल्या दोघांसाठी पुढे एखादा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, ठेव.

आराखड्याची माझ्या खुणांसह प्रत सोबत परत पाठवत आहे. एकोणिसावे पान मी वेगळे काढून सर्वांत वर ठेवले आहे, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहा भागांचे एक वर्तुळ काढून ठेवले आहे. पहिल्या सेशननंतर सविस्तर लिहायला वेळ झाला नाही तरी चालेल. चौथ्या संध्याकाळी घंटा कोणी वाजवली, एवढे मात्र मला नक्की कळव.

तुझी,
जुन्या टेबलावरची गेम मास्टर