पूल न फोडता तो आतून खराब झालाय हे कसं कळतं? एक्स-रेसारखं एखादं मशीन असतं का?

तपासणीला गेलो की गावातली माणसंही हेच विचारतात. सगळं दाखवणारं एकच मशीन नाही. या कामात बरीच वर्षं गेली, तरी माझी सुरुवात साध्या हातोडीनेच होते. स्लॅबवर ठोकत जायचं. भरीव जागा टणटण वाजते, आत थर सुटला असेल तिथे बद्द आवाज येतो. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच.

मग अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर. गर्डरच्या (पुलाच्या तुळईच्या) दोन्ही बाजूंना ग्रीस लावून समोरासमोर प्रोब धरायचे, एक लहर सोडणारा, दुसरा पकडणारा. ३०० मिलिमीटर जाडीतून लहर ७५ मायक्रोसेकंदांत पार झाली, तर वेग सेकंदाला ४ किलोमीटर, काँक्रीट ठीक. वेग यापेक्षा बराच कमी आला की शंका घ्यायची. तडा किंवा पोकळी असली की लहर वळसा घालून येते, म्हणून उशीर. पण हीच लहर सळईच्या रेषेत सापडली तर पोलादातून पळते आणि रिपोर्ट उगाच गोड येतो. म्हणून आधी कव्हर मीटर (आतल्या सळया शोधणारं यंत्र) फिरवून सळया खडूने आखून घ्यायच्या. घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

गंजासाठी हाफ-सेल, म्हणजे सळईचं व्होल्टेज मोजायची चाचणी. एका सळईला वायर जोडायची (तेवढं मात्र फोडावं लागतं!), पृष्ठभाग ओला करून कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड फिरवायचा. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. सळई किती खाल्ली गेलीय ते त्यातून कळत नाही.

मला धास्ती असते ती प्रीस्ट्रेस्ड पुलांची, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबलने काँक्रीट आवळून धरलेल्या पुलांची. केबल पत्र्याच्या डक्टमध्ये (नळीत) असली की हाफ-सेल आणि रडार (काँक्रीटमध्ये रेडिओलहरी सोडून बघणारं यंत्र) दोन्ही बाहेरच थांबतात. ग्राउट (नळीत केबलभोवती भरायचा पातळ सिमेंट मसाला) नीट भरला नसेल तर त्या पोकळीत पाणी शिरतं, तारा एकेक करून तुटतात आणि वरून काँक्रीट ठणठणीत दिसतं. वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल १९८५ मध्ये असाच काही सुगावा न लागू देता पडला. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तोही जेमतेम दीड दशकाचा असताना, आणि तिथेही बोट गंजाकडेच गेलं. अशा डक्टवर आम्ही इम्पॅक्ट-इको लावतो: छोट्या गोळीने ठोका द्यायचा आणि परतणाऱ्या लहरीची वारंवारता बघायची. पोकळीचा संशय आला की बारीक भोक पाडून एंडोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घालायचा.

तुमच्या पुलाच्या रिपोर्टमध्ये नुसते रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा टणकपणा मोजणारी हातोडी) आणि अल्ट्रासोनिकचे तक्ते असतील आणि पूल प्रीस्ट्रेस्ड असेल, तर केबलचं काय तपासलं ते लेखी विचारा.