गाडी दारात, फोन कानाला: डिस्पॅचवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात डिस्पॅच कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे ग्राहकाकडे माल रवाना करण्याचं काम. प्रॉडक्शन सांगतं माल तयार, क्वालिटी म्हणते होल्डवर, तपासणी बाकी. ग्राहकाच्या शिव्या मात्र मला. अधिकार कसलाच नाही. काय करू?

अठरा वर्षं पीपीसीत, म्हणजे उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण करणाऱ्या विभागात काढली, त्यामुळे हे दुखणं मला नवं नाही. घोळ ‘तयार’ या शब्दात आहे. प्रॉडक्शनसाठी मशीनवरून उतरला की माल तयार. क्वालिटीसाठी हिरवा ओके टॅग लागल्यावर, स्टोअरसाठी सिस्टिमला एंट्री झाल्यावर. तुमच्यासाठी बिन, म्हणजे मालाची पेटी, पॅक होऊन इन्व्हॉइस निघाल्यावर. म्हणून ‘माल तयार आहे का?’ असं विचारूच नका. ‘किती बिनना हिरवा टॅग लागलाय?’ असं विचारा, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन मोजा.

एकदा रात्री फोनवर ‘बाराही बिन तयार’ असं कळलं. खाली जाऊन पाहिलं तर टॅग सातच बिनना. उरलेल्या पाचांवर डायल गेज (मापं तपासायचं उपकरण) घेऊन इन्स्पेक्टर नुकता बसला होता. रात्री नऊलाच ग्राहकाला कळवलं: आता सात, पाच पहाटे चारला. त्यांनी आधी दुसरं मॉडेल जुळणीच्या लाइनवर घेतलं, लाइन थांबली नाही. हेच पहाटे तीनला कळलं असतं तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली आमच्याकडून, ठरलेली होती. नकार लवकर कळवणं ही या कामातली सगळ्यात मोठी सेवा आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : चेन्नईला निघालेली गाडी वाटेत बंद पडली, ई-वे बिलाची (जीएसटीतल्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याची) मुदत संपली. साहेब म्हणाले, तुझंच दुर्लक्ष. चूक माझी का?

गाडी बंद पडली यात तुमची चूक नाही, ताई. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. पुणे-चेन्नई साधारण 1,200, म्हणजे सहा दिवस. मुदत संपण्याआधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते, आणि ते काम त्या वेळी माल ज्याच्याकडे आहे त्या ट्रान्सपोर्टरचं. तुमच्या हातात आठवण करणं आहे. गाडी सुटतानाच मुदतीची तारीख ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसला आणि ड्रायव्हरला मेसेज करा, साहेबांनाही त्यात घ्या.

आणखी एक. मुदत ई-वे बिलात वाहन क्रमांक भरला की सुरू होते, आणि तिचा पहिला दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. त्यामुळे गाडी पहाटे निघणार असेल तर वाहन क्रमांक रात्री पावणेबाराला भरू नका, बारानंतर भरा. अख्खा दिवस जास्त मिळतो.

प्रश्न : वर्षभर गाड्या वेळेवर गेल्या, कुणी नाव काढलं नाही. एक चुकली तर मेल सगळ्यांना. अप्रेझलला काय बोलू?

वाचताना वाईट वाटलं. टळलेली अडचण कुणाला दिसत नाही, म्हणून ती रोज लिहून ठेवा: काय अडलं, कुणी सोडवलं, किती वाजता. मदत करणाऱ्याचं नावही लिहा, पुढच्या वेळी तोच आधी फोन उचलतो. त्यातले पाच प्रसंग निवडून एका पानावर घ्या आणि अप्रेझलच्या आठ दिवस आधी साहेबांच्या हातात द्या.