गणपती ते संक्रांत: आजीचं लुगडं नेसून साताऱ्याच्या आसपास कुठे जाता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त नुकत्याच साताऱ्यात आला आहात, जुन्या काळातले कपडे आणि दागिने जमवायची आवड आहे, आजीची दोन नऊवारी लुगडी आणि एक पैठणी पेटीत आहे. सणासुदीच्या दिवसांत ती नेसून आसपासची ऐतिहासिक ठिकाणं बघायची आहेत. तर कुठे जावं, काय नेसावं, नवऱ्यानं काय घालावं आणि लोक विचित्र नजरेनं बघतील का?

शेवटचं आधी सांगते. नाही बघणार. मी अनेक वर्षं हेच करते आणि माझा अनुभव उलटा आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या घाटावर नऊवारी नेसून गेलात तर एखाद्या आजी हमखास थांबवतात, निऱ्या बघतात, "काष्टा सैल झालाय गं, ये इकडे" म्हणत आडोशाला नेऊन घट्ट खोचून देतात. मग त्यांच्या आईचं लुगडं कुठल्या काठाचं होतं ते सांगत बसतात. मला त्या गप्पा अख्ख्या सहलीपेक्षा मोलाच्या वाटतात.

आता नेसण्याबद्दल. हल्ली शिवलेली नऊवारी सर्रास मिळते, पायजम्यासारखी चढवली की झालं. नवीन कापडाची शिवलेली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आजीच्या लुगड्याला कात्री लावू देऊ नका. कोणी कितीही सोपं करून देतो म्हणालं तरी नाही. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वरचं सलग कापड. त्याला ना नाडी लागते, ना परकर. कमरेची एक गाठ, पुढे खोचलेल्या निऱ्या आणि पायांमधून मागे नेलेला काठ, एवढ्यावर ते दिवसभर अंगावर राहतं. यात बाया शेतात वाकल्या, विहिरी चढल्या-उतरल्या, घोड्यावरही बसल्या. पायऱ्या, घाट, गडाची वाट यांसाठी सहावारीपेक्षा नऊवारी कितीतरी सोयीची आहे. घरी आठवडाभर रोज अर्धा तास साध्या सुती लुगड्यावर सराव करा आणि ते नेसूनच केर काढा, स्वयंपाक करा. कुठे सुटतं ते आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट, आपल्या पेट्यांमधलं कापड किती जुनं असतं? बहुतेक घरांत फार तर ऐंशी-शंभर वर्षांचं. त्याला शिवकालीन किंवा पेशवाई म्हणून मिरवू नये असं माझं ठाम मत आहे. तो आपल्या आज्या-पणज्यांचा काळ आहे, नऊवारीकडून बिनकाष्ट्याच्या गोल पातळाकडे बायका वळत होत्या तो. आणि तो काळ स्वतःच एवढा देखणा आहे की त्याला दुसऱ्या कुणाचं नाव लागत नाही. फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं, अंबाड्यावर अग्रफूल, गळ्यात बोरमाळ, हातात काचेच्या हिरव्या बांगड्यांमध्ये पाटल्या, एवढं पुरे.

ठिकाणांकडे वळू.

पहिला नंबर माझ्याकडून लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा. साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला साधारण सोळा किलोमीटर. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, वरून पाहिली तर आकार शिवपिंडीसारखा. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की विहिरीच्या पोटातच खांबांचा छोटा महाल लागतो. नुसतं पाणी काढायला एवढं कोरीव काम कोण करतं! मला तिथे नेहमी इरकल लुगडं नेसून जावंसं वाटतं. काळ्या किंवा गर्द हिरव्या अंगाचं, लाल काठाचं. त्या काळ्या दगडासमोर लाल काठ असा उठून दिसतो की दागिन्याची गरजच पडत नाही.

इरकल हातात आलं तर एक गोष्ट जरूर बघा. अंग जिथे संपतं आणि लाल पदर सुरू होतो तिथे बोट फिरवा. बारीक उंचवटा लागेल, आडव्या रेघेसारखा. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, आणि विणकर दोन्हीकडचे धागे एकमेकांत अडकवून तिथे सांधा करतो. त्याला कोंडी म्हणतात. ती पद्धत इळकल गावची, बागलकोट जिल्ह्यातली. त्यापुढे पांढऱ्या दातांची नक्षी असलेला टोप-तेनीचा पदर. आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायकांच्या अंगावर पिढ्यानपिढ्या हेच लुगडं होतं. पैठणीचं कौतुक सगळे करतात, इरकलीला मात्र "रोजचं" म्हणून बोहारणीला देऊन टाकलं आणि बदल्यात पातेली घेतली. म्हणून चांगली जुनी इरकल आज शोधावी लागते. नातेवाइकांकडे विचारा, पैठणी कोणी देणार नाही पण इरकल आनंदानं देतील.

भाद्रपदात गेलात तर विहिरीच्या पायऱ्या निसरड्या असतात. कोल्हापुरी चप्पल वर काढून ठेवा, अनवाणी उतरा. चामडं भिजलं की फुगतं आणि पायही घसरतो.

वाई-मेणवली हा दुसरा दिवस. वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव रास्त्यांनी बांधलेला. शेजारचं काशीविश्वेश्वराचं मंदिरही रास्ते घराण्याचंच. गणेशोत्सवात तिथे गर्दी असते म्हणून मी घटस्थापनेआधीच्या पंधरवड्यात जाते, घाट शांत मिळतो. तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा वळलेला कृष्णेचा घाट आणि तिथल्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे. इथे सुती नऊवारी आणि खणाची चोळी, पुढे गाठ मारायची. साताऱ्यात मोती चौकाजवळ खण आळी आहेच, आधी तिथे चक्कर टाका. गुळेदगुड्डच्या खणाचे काठ आणि बुट्टे बघून ठेवलेत की जुना खण ओळखायला सोपं जातं.

मेणवलीत सध्या लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. तुम्हीही काढा फोटो, पण नदीवर कोणी विधी करत असेल, कपडे धूत असेल तर आधी विचारा. ती माणसं आपल्या फोटोची पार्श्वभूमी नाहीत.

दसरा मात्र साताऱ्यातच काढा. जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते, ती पोवई नाक्यावर शिवतीर्थापर्यंत येते आणि तिथे पूजन होतं. गर्दीत रेशीम नको, लांब मोहनमाळ नको. गळ्याला चिकटून बसणारी ठुशी घाला, ती कशात अडकत नाही. नथ चापाची असेल तर गर्दीत काढून ठेवलेली बरी.

आता माझं सगळ्यात लाडकं ठिकाण, औंध. साताऱ्याहून दीड तासाच्या आत पोचता. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, १९३८ मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलेलं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच, आणि स्वतः चित्रकार. त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत. तुमच्यासारख्या माणसानं तिथे पूर्ण दिवस काढावा. छापील रविवर्मा सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की पदर कुठून कुठे आलाय, निऱ्या कुठे खोचल्यात, काठ पोटरीवर कसा वळलाय, रेशमाला चकाकी कुठे आहे आणि सुताला का नाही, हे सगळं वाचता येतं. वही घेऊन जा, चित्रातला पदर रेघांनी उतरवा. नेसण्याचे जे प्रकार आज घराघरांतून गेलेत त्यांतले काही मी चित्रांकडे बघूनच उलगडले. निघण्यापूर्वी संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असतं याची चौकशी करून घ्या.

कोजागिरीनंतर अश्विन वद्यात औंधला संगीत महोत्सव असतो, १९४० पासूनचा. जमलं तर तोच मुहूर्त धरा. बसून गाणं ऐकायचं म्हणजे रेशमाला ताण नाही, पैठणी काढायला याहून चांगला प्रसंग नाही.

पण पैठणी नेसण्याआधी तिची परीक्षा करा. घडी उलगडून खिडकीसमोर धरा. घडीच्या रेषेवर उजेड आरपार दिसतो का बघा. मग त्या रेषेजवळ दोन्ही हातांनी अगदी हलका ताण द्या. कुरकुर असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर ते रेशीम थकलेलं आहे, ते अंगावर नेसू नका. कमरेला खोचताना फाटेल आणि फाटलेलं जुनं रेशीम रफूनं सावरत नाही, शेजारून पुन्हा फाटतं. अशी साडी गौरीला नेसवा. गौर तीन दिवस एका जागी उभी असते, साडीवर ताण येत नाही, फक्त टाचण्या न लावता दोऱ्यानं बांधा. सणात आजीची साडी मिरवलीही जाते आणि टिकतेही.

काठाची जर, म्हणजे सोनेरी तार, काळी पडलेली असेल तर घाबरू नका, उलट ती खरी असल्याची खूण असू शकते. जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. खऱ्या जरीत काळी पडते ती चांदी. काठाच्या उलट बाजूचा एक सुटा धागा नखानं खरवडा. पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसलं तर तांब्याची नकली. घासून-पुसून उजळवण्याच्या फंदात पडू नका, मुलामा निघून जातो. आणि दारावर "जुनी जर घेतो" म्हणत येणाऱ्याला साडी देऊ नका. ते साडी जाळून चांदी काढतात. कुणाच्या तरी महिनोन्महिन्यांच्या हातमागाच्या कामाची राख होते, याचं मला मनापासून दुःख होतं.

ठेवताना जुन्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिक नको. डांबरगोळ्या जरीजवळ नकोत. लवंगांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तर चालते, कापडाला टेकू देऊ नका. तीन-चार महिन्यांनी घडीची रेषा बदला. अत्तर लावायचं तर साडी नेसण्याआधी, मनगटावर. आणि प्रत्येक साडीबरोबर एक कागद ठेवा: कोणाची, कुठल्या प्रसंगाची, कुठून घेतली. आईला, मावशीला आत्ताच विचारून लिहा.

नवऱ्याचं काम सोपं आहे. मावळ्याचा भाड्याचा पोशाख आणि प्लास्टिकची तलवार नको, एवढी विनंती. धोतर, सदरा, वर बंद गळ्याचा लांब कोट आणि काळी टोपी. वाई, औंध, सातारा तिन्हीकडे शोभतं, आणि हे कपडे आजोबांच्या कपाटात निघतात. गावाकडचं रूप हवं असेल तर पैरण, धोतर आणि पटका. बाराबंदी अंगरखा शिवून घेता येतो, बांधायचे बारा बंद असतात म्हणून बाराबंदी, तेव्हा बटणं लावणाऱ्या शिंप्याकडे जाऊ नका. फेटा मात्र त्याच दिवशी डोक्यावर बांधलेला हवा, आयता टोपीसारखा चढवलेला लगेच ओळखू येतो. धोतर नेसण्याचा सरावही तुमच्या बरोबरच सुरू करा, दोघांना मिळून मजा येते.

संगम माहुली मी मुद्दाम शेवटी ठेवली. साताऱ्याहून अगदी जवळ, कृष्णा-वेण्णेचा संगम. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ चं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. राजघराण्यातल्या समाध्या याच परिसरात आहेत, पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथलेच. दिवाळीनंतर सकाळी लवकर जा. फिकं सुती पातळ, एखादी बकुळीहाराची सर, बाकी काही नको. ठिकाणच असं आहे की भारी कपडे तिथे बोचतात.

आणि दिवाळी झाली म्हणून फिरणं थांबवू नका. अश्विनातल्या उन्हात हिंडणं रेशमाला वाईटच, घामाचे डाग जुन्या कापडावरून जात नाहीत. खरे रेशमाचे दिवस थंडीचे. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि हे गाव त्यांची राजधानी झालं. त्या सुमारास सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढा, वरून पेठा, तळी, सगळं शहर दिसतं. त्यानंतर दोनच दिवसांनी संक्रांत. काळी चंद्रकळा कुणाकडे मिळते का याची चौकशी आत्तापासून सुरू करा, कारण पौष जवळ आला की ती कोणी उसनी देत नाही.