रिमोट कंट्रोलची पट्टी लपवायची सोय का देणार नाही

तुमच्या तीन तक्रारी आहेत. पासवर्ड आठ अक्षरांपुढे मोजला जात नाही, दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर पाहायच्या-चालवायच्या आमच्या टूलवर अँटिव्हायरस ओरडतो, आणि ‘तुमचा स्क्रीन दुसरं कोणी पाहत आहे’ ही पट्टी लपवता येत नाही. टूल मीच सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासवर्डबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. टूल व्हीएनसीवर, म्हणजे दुरून स्क्रीन पाहायच्या आणि चालवायच्या एका जुन्या पद्धतीवर, उभं आहे. त्यातल्या पासवर्ड तपासायच्या जुन्या पद्धतीत सर्व्हर (ज्याचा स्क्रीन पाहायचा ते मशीन) १६ बाइटचा मजकूर पाठवतो आणि क्लायंट (पाहणाऱ्याचं मशीन) पासवर्डचीच किल्ली करून, तो डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीने एन्क्रिप्ट करून परत देतो. डीईएसच्या किल्लीत आठच बाइट मावतात, त्यामुळे नववं अक्षर टाकलं काय आणि न टाकलं काय, सारखंच. त्यापुढे स्क्रीनचा सगळा डेटा एन्क्रिप्ट न होता उघडाच जातो. व्हीएनसीचे नियम मांडणाऱ्या २०११ च्या आरएफसी ६१४३ या दस्तऐवजामध्येच ही पद्धत कमकुवत असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या व्ह्यूअरना (स्क्रीन पाहायच्या प्रोग्रॅमना) दुसरं काही कळत नाही, एवढ्यासाठीच ती ठेवली आहे. राउटरवर ५९०० पोर्ट (बाहेरून व्हीएनसीपर्यंत यायचं दार) उघडलं असेल तर ते आजच बंद करा. सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, ठेवा आणि एसएसएच टनेलमधून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून, या.

अँटिव्हायरसवर मी रागावू शकत नाही. स्क्रीन वाचायचा, माउस हलवायचा, मशीन सुरू होताच मागे चालू राहायचं, हे सगळं ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या वेशात घुसणारा घातक प्रोग्रॅमही करतो. १९९८ मध्ये आलेलं बॅक ऑरिफिस हे हॅकरांचं टूल नेमकं हेच करायचं, पण समोरच्याला पत्ता लागू न देता. आमच्यात आणि त्याच्यात मोठा फरक उरतो तो त्या पट्टीचाच.

म्हणून ती लपवायची सोय मी देणार नाही. तुम्ही दोन कारणं दिलीत. आईवडील पट्टी पाहून गोंधळतात, हे खरं आहे आणि त्यावर उपाय करतो आहे. दुसरं कारण, ऑफिसातल्या लोकांचे स्क्रीन त्यांना न कळता पाहायचे. त्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही. एकदा ते बटण दिलं की ते कोणाच्या हाती पडेल हे माझ्या हातात राहत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच रिमोट कंट्रोल अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. भामटा फोन करून अ‍ॅप टाकायला लावतो, स्क्रीनवरचा नऊ आकडी कोड विचारून घेतो, मग एकेक परवानगी द्यायला लावतो. यात कुठलंही कुलूप तुटत नाही, सगळं घरचा माणूसच उघडून देतो. नुसत्या पट्टीने ही फसवणूक थांबणार नाही, हे मान्य. पण शेजारी बसलेल्या मुलीला किंवा नातवाला ती दिसते, आणि एका क्लिकमध्ये जोडणी तोडता येते. पैसे जायच्या आधी मिळणारी तेवढीच संधी असते. अँड्रॉइडही त्याच दिशेने गेलं आहे. १४ व्या आवृत्तीपासून स्क्रीन दाखवायची परवानगी दर वेळी नव्याने मागावी लागते.

कोड खुला आहे, तुमच्या प्रतीत पट्टी काढाल तर मी अडवू शकत नाही. मुख्य आवृत्तीत तो बदल घेणार नाही. पुढच्या आवृत्तीत पट्टी हवी तिथे सरकवता येईल, अक्षर मोठं असेल आणि मजकूर मराठीत. तोवर आईवडिलांना ‘जोडणी तोडा’ हे बटण एकदा त्यांच्याच हाताने दाबायला लावा.