विज्ञानशंका : बर्फ, फुगा आणि विजेचे युनिट

सहावी ते आठवीच्या मुलांना द्रव्य आणि ऊर्जा हे विषय प्रत्यक्ष प्रयोगांतून कसे शिकवावेत, याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात पंचावन्न मुले आहेत आणि प्रयोगशाळा नावापुरतीच आहे. ‘बर्फ वितळत असताना तापमान वाढत नाही’ हे वाक्य मुले पाठ करून परीक्षेत लिहितात, पण त्यांना ते मनातून पटलेले दिसत नाही. थोड्या साधनांत काय करता येईल?
– एक शिक्षिका, कळवा

उत्तर : बर्फ तापवत दर मिनिटाला तापमान लिहून आलेख काढण्याचा पाठ्यपुस्तकी प्रयोग चांगलाच आहे, पण पंचावन्न मुलांच्या वर्गात एका तापमापीभोवती गर्दी होते आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना शेवटी शिक्षकांच्या तोंडून तेच वाक्य ऐकावे लागते. म्हणून मी मिसळण्याचा प्रयोग सुचवतो. त्यात प्रत्येक मुलाला आधी आकडा सांगावा लागतो, आणि सांगितलेला आकडा चुकला की ‘असे का?’ हा प्रश्न मुलेच विचारतात.

सुरुवातीला बर्फ बाजूला ठेवावा. एका भांड्यात ५० अंश सेल्सिअस तापमानाचे २०० ग्रॅम पाणी घ्यावे, त्यात नळाचे, समजा २८ अंशांचे, १०० ग्रॅम पाणी मिसळावे आणि मिश्रणाचे तापमान किती होईल ते प्रत्येकाने वहीत लिहावे. सातवीची मुले थोड्या मदतीने सरासरी काढतात आणि उत्तर ४२-४३ अंश येते. तापमापीही जवळपास तेच दाखवते, त्यामुळे या रीतीवर वर्गाचा विश्वास बसतो. आता तेवढेच गरम पाणी घेऊन नळाच्या पाण्याऐवजी त्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकायचा. त्याच रीतीने उत्तर ३३ अंश यायला हवे आणि जवळजवळ सगळी मुले तेच लिहितात. बर्फ ढवळून पूर्ण वितळल्यावर तापमापी मात्र १० अंशांच्या आत आलेली असते.

हिशेब यानंतर फळ्यावर मांडावा, आधी मांडू नये. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल उष्णता लागते, तर शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला ३३४ ज्यूल लागतात. म्हणजे बर्फ नुसता वितळवण्यात जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात त्याच पाण्याला शून्यापासून ८० अंशांपर्यंत नेता आले असते. आपल्या प्रयोगातले गरम पाणी शून्यापर्यंत निवले तर ४१,८०० ज्यूल देऊ शकते. त्यांतले ३३,४०० बर्फ वितळवण्यात खर्च होतात आणि उरलेल्या ८,४०० ज्यूलमध्ये एकूण ३०० ग्रॅम पाणी ७ अंशांपर्यंतही जेमतेम पोहोचते. ही उष्णता कणांचा वेग वाढवण्यात गेली नाही, कणांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात गेली, हे वाक्य आता सांगितले तर त्याला आधार असतो.

प्रयोग बिघडतो तो बहुधा बर्फामुळे. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून त्याला पाणी सुटेपर्यंत तो बाहेर ठेवावा. मग फडक्याने टिपून लगेच वजन करावे, कारण अंगावर पाणी असलेला बर्फ म्हणजे आधीच वितळलेला बर्फ होय. स्टीलचा पेला स्वतःच बरीच उष्णता देतो-घेतो; एकात एक घातलेले दोन कागदी पेले अधिक चांगले. ताप मोजण्याची घरगुती तापमापी येथे निरुपयोगी आहे. प्रयोगशाळेत वापरतात ती, शून्याखालून १०० अंशांच्या वरपर्यंतची, लाल द्रवाची तापमापी घ्यावी, पाऱ्याची नको. गरम पाणी आपण स्वतः ओतावे.

एक अवांतर सूचना. मुलांनाच कण बनवून वर्गात हलवण्याचा खेळ अनेक शिक्षक घेतात. तो जरूर घ्यावा, पण वायूचे कण घनाच्या कणांपेक्षा मोठे किंवा मऊ असतात अशी समजूत मुलांत असतेच, आणि खेळात हातपाय पसरले की ती पक्की होते. अंतर वाढवायचे, अंग नाही, एवढे आधी बजावावे.

प्रश्न : आमच्या मुलीने जुलैमध्ये शाळेच्या प्रकल्पासाठी बाष्पीभवनाने गारवा येतो हे दाखवायचे ठरवले. एका तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळले, दुसरी कोरडी ठेवली. दोन्हींत जेमतेम दोन अंशांचा फरक आला. प्रयोग बदलावा का?
– एक पालक, नेरूळ

उत्तर : मुळीच बदलू नये, कारण तिच्या तापमापीने खाडीकाठच्या जुलैची हवा बरोबर मोजली आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की कापडातले पाणी सावकाश उडते आणि कापडाकडून थोडीच उष्णता नेते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असताना ओल्या व कोरड्या तापमापीत सुमारे दोनच अंशांचा फरक पडतो. याउलट नागपुरात मे महिन्यात ४२ अंशांना आर्द्रता २० टक्के असेल, तर हाच फरक १८-१९ अंशांपर्यंत जातो. विदर्भातला कूलर नेरूळच्या पावसाळ्यात नुसता दमट वारा का देतो, याचे उत्तर तिच्या वहीत आलेले आहे.

प्रकल्प लांबवावा, एवढेच सुचवतो. ठरलेल्या वेळी दोन्ही तापमापींचे आकडे ती डिसेंबरपर्यंत लिहीत राहिली, तर पाऊस ओसरल्यावर आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत फरक वाढताना दिसेल. मध्येच एकदा दोन्ही तापमापी पंख्यासमोर धराव्यात. कोरडीचा आकडा खाली येत नाही, ओलीचा येतो. पंखा हवा थंड करत नाही, हे मोठ्यांनाही यातून नव्याने कळते.

प्रश्न : खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा प्रयोग मी शिकवणीत करतो. उघड्या पेल्यात वजन कमी होते, म्हणून द्रव्य अक्षय्य राहते हे दाखवायला मी बाटलीच्या तोंडाला फुगा लावला. तरीही वजन एका ग्रॅमने कमी आले आणि मुले हसली. चूक कुठे झाली?
– एक शिक्षक, वाशी

उत्तर : फुगा हीच अडचण आहे. फुगलेला फुगा तेवढ्याच आकारमानाची हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर उचलते. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते, त्यामुळे फुगा लिटरभर फुगला की काटा तेवढेच कमी दाखवतो, जरी बाटलीतून कणभरही काही बाहेर गेलेले नसले तरी. ही सूक्ष्म गोष्ट आठवीच्या हुशार मुलांना सांगण्याजोगी आहे, पण पहिल्याच तासाला ती गोंधळ वाढवते.

त्यापेक्षा शीतपेयाची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी, कारण ती दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते आणि तिचा आकार फारसा बदलत नाही. आत थोडे व्हिनेगर घालावे, कागदाच्या पुडीत एक ग्रॅम सोडा सोडून झाकण घट्ट लावावे आणि पुडी भिजण्याआधी व फसफसणे थांबल्यावर असे दोनदा वजन करावे. एका ग्रॅमपासून सुमारे पाव लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाटलीला सहज पेलतो, पण उत्साहात सोडा वाढवू नये आणि काचेची बाटली तर मुळीच वापरू नये. नंतर झाकण उघडून फुस्स आवाज ऐकवावा. उघड्या भांड्यात मात्र १० ग्रॅम सोडा आणि २०० मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे, म्हणजे सुमारे ५ ग्रॅमची घट साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावरही दिसते. त्याच वेळी पेला हाताला गार लागतो, तिकडेही मुलांचे लक्ष वेधावे.

उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया दाखवण्यासाठी काही जण चुनकळीवर पाणी टाकतात. मुलांच्या हाती ती देऊ नये. उडालेला चुना डोळ्यांना कायमची इजा करू शकतो.

अशा प्रयोगांवर जाणकारांशी बोलायचे असेल, तर खाडीपूल ओलांडल्यावर पहिलेच स्थानक मानखुर्द आहे. तेथे १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुलांच्या विज्ञानविषयक समजुतींचाच अभ्यास करते.

प्रश्न : ‘ऊर्जेची रूपे’ हा पाठ म्हणजे नुसती यादी होते. मुलांना ऊर्जेचे मोजमाप जाणवेल असे काही सुचवाल का?
– एक मुख्याध्यापिका, ऐरोली

उत्तर : शाळेचा जिना वापरावा. ४० किलोग्रॅम वजनाचा मुलगा तीन मीटर उंचीचा मजला चढला, तर त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे १,१७६ ज्यूलने वाढते. मग घरून महावितरणचे बिल आणायला सांगावे. त्यातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे तो मजला तीन हजारांहून अधिक वेळा चढणे. त्याच एका युनिटात नऊ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळतो, पण आंघोळीच्या १५ लिटर पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवायलाच एक तृतीयांश युनिट जाते. उष्णता किती महाग पडते हे मुलांना या तीन आकड्यांवरून जेवढे कळते, तेवढे यादीवरून कळत नाही. ट्रान्स-हार्बरने येणाऱ्या मुलांना आणखी एक सांगता येईल : आजच्या लोकल गाड्यांत ब्रेक लावताना मोटारीच जनित्र म्हणून चालतात आणि गाडीच्या गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो.

एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना हिशेब जुळतो का, हे जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून तपासले होते. शाळेत त्यासाठी मीटरभर लांबीची पीव्हीसी नळी, मूठ-दोन मुठी कोरडी वाळू आणि दोन बुचे पुरतात. नळी उभी धरून १०० वेळा उलटली, की पडणाऱ्या वाळूचे तापमान फार तर एका अंशाने वाढते, म्हणून दशांश अंश दाखवणारी डिजिटल तापमापी हवी. हाताची ऊब वाळूला लागू नये यासाठी नळी मध्यभागी जाड फडक्यात धरावी, आणि शंकेखोर मुलांसाठी तशीच दुसरी नळी न उलटता तेवढाच वेळ नुसती धरून ठेवावी, म्हणजे वाढलेले तापमान पडण्यामुळे किती आणि हातामुळे किती, हे त्यांना वजाबाकी करून पाहता येईल.